धाकट्याची यादी

दर डिसेंबरात माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीहून येतो आणि त्याच्या आठ दिवस आधी त्याची यादी येते. यंदाची यादी अशी: रावळगावच्या गोळ्या, बॉबी, नळीतली पेप्सी, शाळेबाहेरच्या आजींचं बोरकूट आणि 'जमल्यास' गोल्ड स्पॉट.

'जमल्यास' वाचून मी चष्मा पुसला. १९९३ साली कोकाकोलाने पारलेकडून थम्सअप, लिम्का आणि गोल्ड स्पॉट घेतलं. पहिली दोन टिकली, तिसऱ्याचा कधीच निकाल लागला. हे त्याला कळवलं, तर म्हणे, "अरे, एखाद्या जुन्या दुकानात पडून असेल." तीस वर्षं पडून असलेलं काहीतरी मी सख्ख्या भावाला पाजलं, तर लोक पहिला प्रश्न विचारतील, वाटण्या झाल्यात का?

रावळगावचं दुखणं वेगळं. आमचं आजोळ मालेगाव तालुक्यातलं. रावळगाव हे तिथलं चांगलं नांदतं गाव आहे आणि वालचंद हिराचंदांनी १९३३ साली तिथे साखर कारखाना काढला, हे पुण्यात सांगितलं की लोक माझ्याकडे असे बघतात, जणू मी लिमलेटपूरचा जहागीरदार आहे. २०२४ साली या गोळ्यांचे ब्रँड रिलायन्सने २७ कोटींना घेतले. बातमी वाचून मी पेन काढलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज दोघांच्या मिळून चार गोळ्या, चाराण्याला एक, अशी आठ वर्षं. म्हणजे त्या २७ कोटींत आमचे चार-पाचशे रुपये नक्की आहेत. कुणी साधं विचारलंही नाही. बरं, चाराण्याची तक्रार कुठे करणार? तो तर ३० जून २०११ला चलनातूनच गेला.

मग बॉबी. कोपऱ्यावरच्या दुकानातला पोरगा विशीतला.

"बॉबी आहे का?"

"कोण बॉबी?"

"अरे, ती पिवळी... पोकळ असते... बोटांत घालायची."

त्याने आधी माझ्याकडे, मग माझ्या पोटाकडे पाहिलं. मी पाचही बोटं पसरून नखापासून एकेक बॉबी खाण्याचा अभिनय केला. मागे रांगेत सोसायटीच्या जोशीकाकू. आता त्या मला लिफ्टमध्ये जरा अंतर ठेवून 'बरं वाटतंय ना?' विचारतात. शेवटी बायको आली, म्हणाली, "दादा, पोंगे द्या," आणि त्याने पाकीट काढून ठेवलं. तिचं माहेर नागपूरचं. लग्नाला बावीस वर्षं झाली, हे ती मला आज सांगतेय.

बोरकुटाच्या आजी तेव्हाच सत्तरीच्या होत्या. त्या रकान्यात मी काट मारली.

पेप्सी मात्र मिळाली! जुन्या पेठेत, एका डेअरीच्या फ्रीजरच्या तळाशी. केशरी, वीतभर लांब, वर बर्फाची साय. सहा घेतल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि रिक्षात बसलो. सिग्नलला रिक्षा थांबली आणि मांडीवरून थंडगार काहीतरी सरकत पायजम्यात उतरलं. घरी पोचलो तेव्हा दोन शाबूत होत्या, आणि माझ्याकडे बघून वॉचमनने गेट जरा लवकरच उघडलं.

धाकटा आला. बॅगा दारातच टाकून त्याने पेप्सी हातात घेतली. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी. याने वाचायचा चष्मा लावला आणि नळी उलटसुलट करून एक्सपायरी शोधायला लागला. त्यावर काय लिहिलेलं असणार? मी माझं टोक दाढेने तोडलं, चोखायला लागलो. अर्ध्या मिनिटात त्यानेही तोडलं. मग दोन घोडे, एक सत्तेचाळिसाचा, एक पन्नाशीचा, आरशासमोर उभे राहून जिभा काढून कुणाची जास्त केशरी ते बघत होते.

तेवढ्यात आतून आई आली. एक्क्याऐंशी वर्षं, गुडघे दुखतात, पण आवाज तोच.

"कुठल्या पाण्याचा बर्फ असतो, माहीत आहे का? कुणी आणलं हे?"

मी सवयीने धाकट्याकडे बोट दाखवलं.