पोथी पाठ करून तुरुंगाची किल्ली मिळत नाही

तुरुंग अधिकारी पदाच्या परीक्षेच्या तयारीवर मी जे लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचे आक्षेप तीन. या परीक्षेत प्रसंगावरचे प्रश्न म्हणजे नुसती व्यवहारबुद्धी, त्याला सराव कशाला? मारामारीच्या प्रश्नात ‘आधी मदत मागवा’ हे मी दिलेलं उत्तर भित्रेपणाचं आहे. आणि अंकगणिताला पाच दिवस पुरतात, हे मी बेफिकीरपणे लिहिलं.

तिसरा आक्षेप आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. बेरीज-वजाबाकी सोपी, असं म्हणून मी पुढे गेलो. पण बंदी (म्हणजे कैदी) मोजणीचा प्रश्न बेरजेचा दिसतो आणि फसवतो भलतीकडेच. बराकीत सकाळी 64 बंदी. 7 न्यायालयात गेले, 3 दवाखान्यात, 5 नवे आले. न्यायालयातून 4 परतले आणि एकाची तिथूनच दुसऱ्या कारागृहात रवानगी झाली. आता बराकीत किती? 63. आणि नोंदवहीत किती? 68, कारण न्यायालयात किंवा दवाखान्यात असलेले नोंदवहीत राहतातच, वजा होतो तो फक्त रवानगी झालेला. घाईत पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला देणारे कितीतरी असतात. मी स्वतः पहिल्या प्रयत्नात तेच केलं होतं. तेव्हा पाच दिवसांचे पंधरा करा.

आता भित्रेपणाबद्दल. तो प्रश्न पुन्हा वाचा. दोन बंदी एकमेकांच्या अंगावर गेलेत, तुम्ही एकटे आहात आणि प्रश्नाच्या वर नियम छापलाय: एकट्याने आत जाऊ नये, आधी धोक्याची सूचना द्यावी. तुम्ही आत उडी घेतलीत तर तुमच्या कमरेच्या किल्ल्याही तुमच्याबरोबर आत गेल्या! दोघांचं भांडण हे नाटकच असेल तर? परीक्षक तुमची छाती मोजत नाही. समोर ठेवलेला नियम डोकं तापलेलं असतानाही पाळता का, एवढंच तो बघतो. म्हणूनच नुसती व्यवहारबुद्धी पुरत नाही. आपण घरी, रस्त्यावर जे करू ते तिथे बऱ्याचदा चुकीचं ठरतं. एखादा बंदी काकुळतीला येऊन म्हणतो, ‘साहेब, एवढी चिठ्ठी घरी पोचवा.’ चांगल्या माणसाचा हात पुढे होतोच. उत्तर मात्र असं: नकार द्यायचा, पत्र पाठवायची रीतसर वाट सांगायची आणि वरिष्ठांच्या कानावर घालायचं. आज चिठ्ठी पोचवली की उद्या तीच गोष्ट तुमच्याविरुद्ध वापरून मोबाइल मागितला जातो.

बळाच्या वापराबद्दल तुम्ही ‘दोन फटके दिले की शांत’ असं लिहिलंय. चिडून लिहिलं असेल, पण उत्तरपत्रिकेत नको. संयुक्त राष्ट्रांचे कैद्यांच्या वागणुकीविषयीचे किमान नियम 1955 पासून आहेत. 2015 मध्ये ते सुधारले आणि त्यांना नेल्सन मंडेलांचं नाव दिलं. त्यातला 82 वा नियम सांगतो की स्वसंरक्षण, पळून जाण्याचा प्रयत्न किंवा आदेशाला होणारा प्रतिकार अशा वेळीच बळ वापरावं, तेही नितांत गरजेपुरतं, आणि लगेच कारागृह प्रमुखाला कळवावं. पर्यायांत ‘कळवावं’ वगळलेलं असेल तर तो पर्याय अर्धाच समजा.

कळवण्यावरून आठवलं, अहवाल लेखनाबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. गुण तिथेच जातात. ‘बंदी नशेत होता’ हे तुमचं अनुमान झालं. ‘तोंडाला दारूचा वास येत होता, जीभ अडखळत होती, दारापर्यंत येताना त्याने दोनदा भिंतीला हात टेकला’ हे तुम्ही पाहिलं. वेळ, जागा, कोण हजर होतं, तुम्ही काय केलंत, याच क्रमाने लिहा. रोज एक प्रसंग दहा ओळींत लिहून काढा आणि ‘बहुधा’, ‘वाटलं’, ‘नेहमीप्रमाणे’ हे शब्द लाल पेनने खोडा.

जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा या तुमच्या सल्ल्याशी माझं भांडण नाही. फक्त उत्तर बरोबर आलं तरी ते छापलेल्या नियमातल्या कोणत्या ओळीवरून आलं, तिच्याखाली रेघ मारा. रेघ मारायला ओळ सापडली नाही, तर ते उत्तर तुम्ही अंदाजाने दिलंय.