पाच सेकंदांचा जाहीरनामा

अमेरिकेत मुलं वाढवणाऱ्या मराठी आईबापांचा जाहीरनामा डोक्यात तयारच असतो. शाळेत गणित दोन इयत्ता पुढचं शिकवा, ग्रीन कार्डाची रांग हलवा, क्रिकेटला मैदान द्या, घरांच्या किमती उतरवा (आमचं घर सोडून), आणि सिग्नलचं काहीतरी करा. हा कागद कॅलिफोर्नियातल्या एखाद्या पाचजणांच्या सिटी कौन्सिलपुढे ठेवला, तर वरची कलमं एकेक करून गळायला लागतात. शाळा स्कूल डिस्ट्रिक्टच्या, त्यांचं बोर्ड वेगळं निवडून येतं. ग्रीन कार्ड वॉशिंग्टनच्या हातात. घरांच्या किमती कोणाच्याच हातात नाहीत. थोडक्यात, जेवताना ज्या विषयांवरून आपण रोज तावातावाने भांडतो, ते बहुतेक सगळे उंबऱ्याबाहेर ठेवून नगरसेवक व्हायचं असतं.

तरी उभं राहावं, या मताची मी आहे. अटी फार नाहीत: अमेरिकन नागरिकत्व, अठरा पूर्ण, आणि अर्ज घेतेवेळी त्या शहरात मतदार म्हणून नाव. जन्म कुठला हे राष्ट्राध्यक्षाला विचारतात, नगरसेवकाला नाही. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2023 साली मिशिगनमधून थेट काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, जाऊन बसले. आपल्याला तर फुटपाथपर्यंतच जायचंय.

2026 ची निवडणूक 3 नोव्हेंबरला, म्हणून अर्जाची मुदत 13 जुलै ते 7 ऑगस्ट. अर्जाला त्याच शहरातल्या, आणि प्रभाग असतील तर त्याच प्रभागातल्या, किमान 20 मतदारांच्या सह्या लागतात. सत्यनारायणाला दीडशे पानं उठवणाऱ्याला हा आकडा पोरखेळ वाटतो, आणि तिथेच घात होतो. दीडशेतले निम्मे एच-वन व्हिसावर नाहीतर ग्रीन कार्डवर. उरलेल्यांतले बरेच शेजारच्या गावातून प्रसादाला आलेले. काहींनी घर बदललं पण मतदारयादीतला पत्ता बदलला नाही. आणि जे खरोखर चालतील, त्यांच्यात एक काकू 'ह्यांचीही मीच करते' म्हणून दोन ओळी भरून मोकळ्या. सही, नाव आणि पत्ता ज्याचा त्यानेच लिहायचा असतो. ह्यांची सही बाद. बरं, असू देत जास्तीच्या म्हणून साठ न्याव्यात तर तेही नाही. कमाल 30! पाहुणे चार सांगितले की सहाच्या पोळ्या लाटणाऱ्या घराला हे फार जड जातं. अठ्ठावीसेक जमवाव्यात आणि मुदतीच्या आठवडाभर आधी सिटी क्लर्ककडे द्याव्यात. दहा बाद झाल्या तर पुन्हा दारोदार फिरायला वेळ उरतो.

मग बॅलटवर नावाखाली काय छापायचं हा प्रश्न. व्यवसायासाठी तीन शब्द मिळतात. 'करदाता' चालत नाही, 'जागरूक नागरिक' चालत नाही, 'नवरा' तर मुळीच चालत नाही, कारण ही नुसती अवस्था आहे, काम नव्हे. मुलं सांभाळणं आणि घर चालवणं मात्र काम धरलं जातं, असं नियमातच आहे. हा नियम लॅमिनेट करून स्वयंपाकघरात लावण्यासारखा आहे. नावाआधी 'डॉ.' लावता येत नाही; पीएचडीला सात वर्षं घातलेल्यांनी हे वाक्य बसून वाचावं. नावांचा क्रमही आडनाव 'ए'पासून सुरू होतं म्हणून वर येत नाही. निवडणुकीआधी 82 व्या दिवशी राज्य सरकार सव्वीस अक्षरांच्या चिठ्ठ्या काढतं आणि निघेल ती त्या निवडणुकीपुरती बाराखडी. त्यात झेड पहिला आला तर आपट्यांनी झगड्यांच्या मागे उभं राहायचं.

मतदारांच्या पुस्तिकेत स्वतःबद्दल 200 शब्द छापता येतात. छपाईचा खर्च बहुतेक ठिकाणी उमेदवाराकडून घेतात, आणि शहर मोठं असेल तर आकडा ऐकून पाणी मागायची वेळ येते. पक्षाचं नाव काढायचं नाही, दुसऱ्या उमेदवाराबद्दल बोलायचं नाही. आपल्या लोकांचे यातले शंभर शब्द दोन सुटकेसा घेऊन विमानतळावर उतरण्यात जातात, साठ मुलांच्या मार्कांत, चाळीस आभारात. शहराचं नाव येईपर्यंत जागा संपलेली असते. सुटकेसा आधी काढा.

पैशांचा भाग मी दोनदा वाचायला सांगते. पहिला डॉलर घेण्याआधी उभं राहण्याचा इरादा कळवणारा फॉर्म 501 भरायचा, आणि जमा 2,000 डॉलरवर गेली की फॉर्म 410 भरून प्रचाराच्या पैशांची कमिटी नोंदवायची. ग्रीन कार्डवाल्याकडून देणगी घेता येते, एच-वनवाल्याकडून पाच डॉलरही घेता येत नाहीत. तो पगार न घेता फ्लायर वाटू शकतो, फोन करू शकतो, घसा बसेपर्यंत राबू शकतो. म्हणजे आपल्या लग्नांत आत्तेभाऊ जे करतात तेच. सहा महिन्यांसाठी आलेल्या आजोबांनी नातवाच्या आईला कौतुकाने दिलेलं पाकीट निवडणुकीच्या खात्यात गेलं, तर तो फेडरल कायद्याचा भंग. निमंत्रणावर 'कृपया आहेर आणू नये' छापण्याची आपल्याकडे रीत आहेच. इथे ते खरंच पाळायचं. शिवाय रोख देणगी शंभर डॉलरच्या आतच हवी. एकशे एकचं पाकीट बेकायदा, एक्कावन्नचं चालतं. चेकने शंभर किंवा वर देणाऱ्याचं नाव, पत्ता, नोकरी आणि कंपनी जाहीर होते, आणि कोणी किती दिले हे अख्ख्या मंडळाला कळतं. काही घरांतून त्यामुळे बरोबर नव्व्याण्णव येतात. कोणी आपल्या घरी सभेला चहा-पोहे केले तर 500 डॉलरपर्यंतचा खर्च देणगी धरत नाहीत. पोह्यांवर 500 उडवायचे म्हटले तरी उडत नाहीत; केटररची पावभाजी मागवली की मात्र वही काढून बसायचं.

आता अंगणातली पाटी. ठरलेलं माप 24 इंच रुंद, 18 इंच उंच. पदार्थ कोरोप्लास्ट, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये पोकळ नळ्या असलेलं प्लास्टिक, आणि खालून एच आकाराची तार. तारेची दोन टोकं नळ्यांत शिरतात, म्हणून नळ्या उभ्याच असायला हव्यात. स्वस्तात छापून घेतलेल्या पाट्या कधी कधी आडव्या नळ्यांच्या येतात, मग दोनशे पाट्या आणि दोनशे तारा एकमेकींकडे बघत गॅरेजमध्ये पडून राहतात. ऑर्डर देण्याआधी हे लेखी विचारा. सप्टेंबरात इथली माती विटेसारखी झालेली असते. आदल्या रात्री बादलीभर पाणी ओतलं नाही तर तारच वाकते. नाव गाडीतून वाचता यायला अक्षर चार इंच तरी उंच हवं. चिपळूणकर म्हणजे इंग्रजीत दहा अक्षरं, कडा सोडून एकेकाच्या वाट्याला दोन इंच रुंदी. ती अक्षरं उपाशी वारकऱ्यांसारखी दिसतात.

पंचांगही बघून ठेवा, ते इथे भलतंच आडवं येतं. 3 नोव्हेंबर ही मतदानाची शेवटची तारीख. टपालाने बॅलट 29 दिवस आधी निघतात, म्हणजे 5 ऑक्टोबरच्या सुमारास. त्या वेळी पितृपक्ष चालू आहे. शुभकार्य नको म्हणून लोक पाकीट फोडायचं दसऱ्यावर ढकलतील. तेव्हा प्रचाराचा खरा हंगाम गणपतीत, 14 सप्टेंबरपासून, आरती आणि मोदक यांच्या मधल्या फटीत.

निवडून आलात तरी व्हॉट्सॲप सोडावं लागतं. पाचांतल्या तिघांनी बैठकीबाहेर शहराच्या कामावर बोलणं ब्राउन ॲक्टखाली मना; हा खुल्या बैठकांचा कायदा 1953 चा आहे. समाजमाध्यमावर एका सदस्याने शहराच्या कामाबद्दल लिहिलं आणि दुसऱ्याने खाली अंगठा किंवा हात जोडलेला इमोजी टाकला, तरी भंग होतो. सकाळी सहाला फुलांसकट सुप्रभात पाठवणाऱ्या पिढीला हे पद झेपेल का, याची मला खरी काळजी आहे.

मग जाहीरनाम्यात उरतं काय? क्रिकेटचं उरतं, पण खेळपट्टी 22 यार्डांची असली तरी भोवती सीमारेषा लागते, आणि ती फुटबॉलवाल्यांच्या दोन मैदानांतून जाते. ते भांडण दुसऱ्या टर्मला. माझं बोट सिग्नलच्या कलमावर आहे.

आपले आईवडील येतात, गाडी चालवत नाहीत, आणि बाग नेमकी सहा पदरी रस्त्यापलीकडे. पांढरा माणूस दिसतो, मग लाल हात लुकलुकायला लागतो आणि आकडे उलटे पळतात. तो आकडा साधारण सेकंदाला साडेतीन फूट चालीवर काढलेला असतो. रस्ता 70 फूट असेल तर 20 सेकंद. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आजी या चालीने जात नाही. जिथे म्हातारी माणसं नेहमी रस्ता ओलांडतात, तिथे 2.8 फुटांची चाल धरावी, असं कॅलिफोर्नियाच्या नियमपुस्तकातच आहे. त्याच 70 फुटांना मग 25 सेकंद येतात. फरक पाच सेकंदांचा.

हे पाच सेकंद मोटारींच्या हिरव्या दिव्यातून कापावे लागतात. पुढच्या-मागच्या सिग्नलांशी वेळ जुळवलेली असते, ती पुन्हा बसवावी लागते. नगरसेवकाने इंजिनिअरला परस्पर फोन करायचा नसतो, शहराचा कारभार चालवणाऱ्या पगारी सिटी मॅनेजरमार्फत जायचं. रस्ता एल कॅमिनो रियालसारखा स्टेट रूट असेल तर शहराचा हातच पोचत नाही, राज्याच्या खात्याकडे अर्ज. विषय अजेंड्यावर बैठकीच्या 72 तास आधी लागलेला हवा. आणि त्या दिवशी तीन-तीन मिनिटं विरोधात बोलायला रांगेत उभे असतील ते आपलेच लोक, मुलाला ट्यूशनला सोडताना उशीर होतो म्हणून. शिवाय खांबावरचं बटण दाबल्याशिवाय तो पांढरा माणूस बऱ्याच ठिकाणी येतच नाही, आणि हात दाखवून एसटी थांबवण्यात हयात गेलेल्यांना ते पटवणं कुठल्याही कौन्सिलच्या कक्षेत येत नाही.

एवढंसंच कलम कसं छापायचं, असं प्रचारवाले म्हणतील. बिनधास्त छापा. 18 बाय 24 मध्ये चिपळूणकर नीट मावत नाही, पण 5 मावतो, चांगला फूटभर उंच. फक्त नळ्या उभ्या आहेत ना, तेवढं बघून घ्या.