वाळवंटात खरवस

तारकर्लीला पर्यटकांची रीघ लागली आणि माझ्या चुलतभावाने पडवीत खानावळ काढली. मी कधीकाळी इंग्रजी घेऊन बी.ए. झालो, त्या एका गुन्ह्यापायी मेनूचा बोर्ड तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्याच ओळीत घात. आपल्या लेपीला इंग्रजीत सोल म्हणतात. लॅटिनमध्ये सोलिया म्हणजे चप्पल. मासा चपटा म्हणून ते नाव, आणि बुटाचा सोलही त्याच घरचा. पेंटरने शेवटचा ई उडवून मध्ये यू घातला. झाला आत्मा! ज्याला शस्त्र कापत नाही, अग्नी जाळत नाही, तो आमच्याकडे रवा लावून तव्यावर. खाली सोलकढीलाही तेच स्पेलिंग. म्हणजे आधी तळलेला आत्मा, वर आत्म्याचीच कढी. मी कपाळाला हात लावला, तर वहिनी म्हणते, "भावजी, ऱ्हवांदेत. जेवल्यार सगळे 'आत्मा तृप्त झालो' असाच म्हणतत मा?"

मग खरवस. डिझर्टला एस दोन. फ्रेंचमध्ये देसर्व्हीर म्हणजे जेवणाची भांडी उचलणं. ती उचलल्यावर जे येतं ते डिझर्ट. एका एसचं डेझर्ट मात्र लॅटिनमधल्या 'सोडून देणे'वरून आलेलं, ओसाड. पण पेंटर अक्षरामागे पैसे घेतो. भाऊ म्हणाला, "एका एसान भागात मा?" भागवलंच. आता समुद्राकाठी, माडांच्या सावलीत, आमच्याकडे साठ रुपये प्लेट वाळवंट मिळतं.

इंग्रजांना तरी किती नावं ठेवायची? आपल्याकडे वेलांटी चुकली की दिनाचा दीन होतो. एका मंडळाच्या फलकावर मी 'प्रजासत्ताक दीन' वाचलाय. केविलवाणं दिसत होतं बिचारं.

बोर्डाची कीर्ती बाजारात पोचली आणि वह्या-पेनं विकणाऱ्या दुकानदाराचं बोलावणं आलं. त्याच्या स्टेशनरीत ई हवा, तिथे ए रंगवलेला. ए असला की अर्थ होतो एका जागी थांबलेला. तसे दोन्ही शब्द सख्खे भाऊ. मध्ययुगात युरोपात बरेच विक्रेते माल घेऊन गावोगाव हिंडायचे. विद्यापीठाजवळ ठिय्या मांडून पुस्तकं विकणारा तो स्टेशनर, आणि पुढे त्याचा माल ती स्टेशनरी. हे सगळं मी भर उन्हात, घाम पुसत, त्याला समजावलं.

तो स्टुलावरून तसूभर न हलता म्हणाला, "मगे बरोबरच हा. मी तरी खय हलतंय?"