भागधारकाला दमवण्याचं शास्त्र

भागधारक सेवा पोर्टलचा इंटरफेस तुमच्याकडे आलाय म्हणता? अभिनंदन. असं काम नशिबानंच मिळतं. खरेदीचं ॲप बिघडवलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, बँकेचं बिघडवलं तर खातं हलवतं. इथे माणूस जाणार कुठे? ब्रोकर त्यानं स्वतः निवडला, बँकही त्यानंच निवडली. भागधारकांची नोंदवही सांभाळणारा आणि हे पोर्टल चालवणारा रजिस्ट्रार मात्र कंपनीनं नेमला, आणि त्याची फीसुद्धा कंपनीच देते. तेव्हा पहिला धडा पाठ करून टाका: पोर्टल भागधारक वापरतो, पसंत कंपनी करते. आणि कंपनीच्या अपेक्षा अगदी साध्या असतात. वार्षिक सभा बिनबोभाट पार पडावी, फोन कमी यावेत, जुन्या पैशांची चौकशी कोणी करू नये. एक नीट विचारपूर्वक वाईट केलेला इंटरफेस या तिन्ही गोष्टी एकट्यानं साधतो.

या व्यवसायाची सुरुवात खरं तर फार निष्काळजीपणे झाली होती. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या शेअरचा १६०६ सालचा एक दस्तऐवज २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या होर्न गावच्या अभिलेखागारात एका विद्यार्थ्याला सापडला. शेअर कोणाचा, किती रकमेचा, आणि १६५० पर्यंत कोणकोणता लाभांश मिळाला, हे सगळं त्यात नोंदवलेलं. चारशे वर्षांनी कुणीतरी परक्यानं उघडलं आणि त्याला कळलंसुद्धा! ना ओटीपी, ना चित्रातले ट्रॅफिक सिग्नल ओळखायची परीक्षा. तुमच्या हातून असला ढिसाळपणा होता कामा नये.

सुरुवात लॉगिनपासून करा. ईमेल किंवा मोबाइल नंबर विचारून आत सोडू नका, फोलिओ नंबर, म्हणजे नोंदवहीतला त्याचा खाते क्रमांक, विचारा. हा नंबर कागदी पत्रांवर छापलेला असतो, आणि कागदी पत्रं आपण मागेच पर्यावरणाच्या काळजीपोटी बंद केली. शेजारी एक छोटं प्रश्नचिन्ह ठेवा; त्यावर टिचकी मारली की लिहून यावं, ‘आपला फोलिओ नंबर लॉगिन केल्यानंतर प्रोफाइलमध्ये पाहता येईल.’ नंबराच्या आधीची शून्यं लिहायची की नाही, याबद्दल मौन पाळा. शून्यं लिहिली तरी आणि गाळली तरी एकच संदेश द्या: ‘तपशील जुळत नाहीत.’ कोणता तपशील, कशाशी, हे त्याचं त्यानं शोधावं.

जेकब नील्सन यांनी १९९४ साली इंटरफेससाठी जी दहा तत्त्वं मांडली, त्यांतलं एक असं की चूक दाखवणारा संदेश साध्या भाषेत असावा, नेमकं काय बिघडलं ते सांगावं आणि मार्गही सुचवावा. तत्त्व उत्तम आहे. टेबलासमोर चिकटवून ठेवा आणि रोज सकाळी त्याच्या बरोबर उलट वागा. कोणी जाब विचारलाच तर ‘सुरक्षा’ एवढंच म्हणा. लॉगिनच्या पानापुरतं ते खरंही आहे, कारण नाव चुकलं की पासवर्ड हे फोडलं तर चोराचं काम सोपं होतं. आपण फक्त हाच न्याय पुढे पत्त्याच्या रकान्याला, बँकेच्या तपशिलाला आणि फोटोच्या आकारालाही लावायचा.

पासवर्ड दर साठ दिवसांनी बदलायला लावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनं, निस्टनं, २०१७ च्या मार्गदर्शनात असा ठरावीक मुदतीचा बदल सक्तीचा करू नका, उलट पासवर्ड पेस्ट करू द्या, असं म्हणून ठेवलंय. पण त्यांना आपला भागधारक कुठे माहीत? तो बिचारा वर्षातून एकदा-दोनदा येतो, लाभांशाच्या वेळी आणि कर भरायच्या वेळी. साठ दिवसांच्या नियमामुळे प्रत्येक भेटीत त्याचं स्वागत कालबाह्य पासवर्डनं होतं. पेस्ट बंद ठेवा, म्हणजे पासवर्ड सांभाळणारं ॲप वापरणारे शहाणेही इतरांच्या रांगेत येऊन बसतात.

आता वेळमर्यादा. संकेतस्थळं सर्वांना वापरता यावीत म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, ते सांगतात की सत्र संपण्याआधी माणसाला सूचना द्या आणि एखादी कळ दाबून मुदत वाढवायला किमान वीस सेकंद द्या. एवढं लाडावून ठेवायचं कशाला? शेअर सर्टिफिकेटवरचा नंबर विचारायचा, माणूस उठून कपाट उघडेल, फाइल शोधेल, चष्मा शोधेल, आणि परत येऊन बसेल तेव्हा पडद्यावर लिहिलेलं असेल, ‘आपल्या सुरक्षेसाठी आपणास बाहेर काढण्यात आले आहे.’ कर्मणी प्रयोगच वापरा. त्यात कोणी काही केलेलं नसतं. भरलेला फॉर्म जपून ठेवण्याची सोय मात्र चुकूनही करू नका.

इतकं सगळं पार करून जो आत येईल त्याचा मान राखायला हवा. त्याला एक भलं मोठं छायाचित्र दाखवा: चार हसतमुख माणसं एका लॅपटॉपकडे पाहताहेत. ती कशाला हसताहेत हे कोणालाच माहीत नसतं, पण त्यांना लॉगिन करावं लागलेलं नाही एवढं नक्की. त्याखाली शेअरच्या भावाचा हलता आलेख, त्याखाली अध्यक्षांचा संदेश. माणूस आलेला असतो एका प्रश्नासाठी, माझा लाभांश कुठे आहे? तर त्या प्रश्नाचं उत्तर ‘सेवा’, मग ‘इतर सेवा’, मग ‘अहवाल’, मग ‘संग्रहित अहवाल’ अशा चार जिन्यांखाली ठेवा. कारण बहुतेक वेळा पैसे गेलेले असतात, बँकेचा जुना तपशील असल्यामुळे परत आलेले असतात आणि मुकाट पडून असतात. असे पैसे बरीच वर्षं कोणी मागितले नाहीत की अनेक देशांत ते सरकारकडे किंवा सरकारी निधीकडे वर्ग होतात. ‘तुमचे इतके पैसे आमच्याकडे पडून आहेत, बँक खातं बदला म्हणजे पाठवतो’ असं पहिल्याच पानावर ठळक लिहिणं तांत्रिकदृष्ट्या एका दुपारचं काम आहे. म्हणूनच ते पुढच्या टप्प्यात घ्यावं. पुढचा टप्पा कधी, असं बैठकीत विचारलं गेलं तर बजेटकडे पाहावं.

बँक खातं बदलण्याच्या सोयीला ‘ऑनलाइन’ म्हणायला हरकत नाही. फॉर्म ऑनलाइन मिळतो. तो छापायचा, पेनानं भरायचा, सही करायची, स्कॅन करायचा, दोनशे केबीच्या आत बसवून चढवायचा आणि मग त्याच फॉर्मची मूळ प्रत टपालानं पाठवायची. सही मात्र तीस वर्षांपूर्वीच्या नमुन्याशी जुळली पाहिजे. माणसाचं वय झालं, हात थरथरायला लागला, तर सही जुळत नाही. आणि सही बदलायची असेल तर त्या अर्जावर जुनी सही लागते. इथे डिझाइनरला करण्यासारखं फारसं उरत नाही, नियम करणाऱ्यांनीच आपलं काम हलकं केलेलं आहे. तुम्ही फक्त अर्जाच्या स्थितीपुढे ‘प्रक्रियेत’ हा शब्द लावा. मिळाला, तपासला, नाकारला, कपाटामागे पडला, सगळ्याला एकच शब्द.

कागदी अहवाल बंद करण्याची संमती मात्र एका टिचकीत घ्या, शक्य तर खूण आधीच केलेली ठेवा. पुन्हा कागद हवा असेल तर लेखी अर्ज. जाणं सोपं आणि परतणं अवघड अशा फसव्या रचनांना हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न’ या नावाखाली गोळा करायला सुरुवात केली. आपल्यासाठी ती यादी म्हणजे आयता नमुनासंग्रह.

मतदानाच्या पानावर तुमची खरी कसोटी लागते. लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितकं ते लवकर गाठता येतं, हे पॉल फिट्स यांनी १९५४ साली दाखवून दिलं. तेव्हा ‘सर्व ठराव व्यवस्थापनाच्या शिफारशीनुसार मंजूर’ हे बटण हिरवं, रुंद आणि बरोबर अंगठ्याखाली. ज्याला प्रत्येक ठराव वेगळा पाहायचाय त्याच्यासाठी फिकट राखाडी अक्षरांत एक दुवा, आणि त्यापुढे ठरावागणिक तीन बारीक गोल: बाजूनं, विरुद्ध, तटस्थ. डब्ल्यूसीएजीचे निकष म्हणतात की सामान्य मजकूर आणि त्याच्या पार्श्वभूमीच्या उजळपणात किमान ४.५ ला १ इतका फरक हवा. ‘विरुद्ध’ या शब्दाला इतकी ठळक शाई कशाला? संचालकांच्या मानधनाचा ठराव नवव्या क्रमांकावर घ्या, आठव्यानंतर सत्र संपू द्या. रेकॉर्ड डेट, म्हणजे मताचा हक्क कोणाला ते ठरवणारी तारीख, उलटल्यावर ज्यानं शेअर घेतले त्याला मताचा हक्क नाही, हेही सगळं वाचून झाल्यावर, ‘सादर करा’ दाबल्यावरच सांगा. आणि मतदान किती वाजता बंद होतं ते लिहा, पण कुठल्या देशाच्या घड्याळाप्रमाणे ते लिहू नका. लोकशाहीत थोडी उत्कंठा हवीच.

एक प्रसंग असा आहे जिथे तुमच्या कल्पकतेला काही सीमाच नाही. भागधारक मरतो.

काही भागधारक मरतात ही बाब बहुतेक पोर्टलांच्या आराखड्यात नसतेच. मेनूत पत्ता बदला, ईमेल बदला, बँक बदला. मरण कुठे नाही. मुलगी लॉगिन करायला जाते तर ओटीपी वडिलांच्या बंद झालेल्या मोबाइलवर जातो. मोबाइल बदलायचा तर स्वतः वडिलांची सही. मदतीच्या चौकटीत ती लिहिते, ‘वडील वारले.’ यंत्र उत्तर देतं, ‘आम्हाला आपली अडचण समजली. पासवर्ड विसरलात का?’ पुढे मृत्यूच्या दाखल्यावरचं पूर्ण नाव आणि सर्टिफिकेटवरची आद्याक्षरं जुळत नाहीत. आईवडिलांच्या संयुक्त नावांचा क्रम एका फोलिओत एक आणि दुसऱ्यात उलट, म्हणून कागदांचे दोन संच. एवढं होऊन दुसऱ्या कंपनीचे शेअर निघाले तर तिचा रजिस्ट्रार वेगळा, फॉर्म वेगळा, पोर्टल वेगळं, आणि वडील तिथे अजून जिवंत. या सगळ्या काळात पोर्टलनं त्यांना वाढदिवसाचा ईमेल पाठवत राहायचा. त्याला ‘एंगेजमेंट’, म्हणजे भागधारकाशी जवळीक, म्हणतात आणि तो आकडा अहवालात शोभून दिसतो.

कोणीतरी म्हणेल की ‘कुटुंबात मृत्यू झाला आहे’ असा एक दुवा लॉगिनच्या बाहेर ठेवा, लागणाऱ्या कागदांची यादी एकदाच आणि पूर्ण द्या, हाताळणाऱ्या माणसाचं नाव द्या. अशा व्यक्तीला पुढच्या बैठकीचं निमंत्रण पाठवू नका. ती बहुधा कधीतरी या रांगेत उभी राहिलेली असते, त्यामुळे तिचं मत पूर्वग्रहदूषित असतं.

चाचणी अर्थात करायलाच हवी. ती तुमच्याच टीमवर करा: तरुण डोळे, नवे लॅपटॉप, मोठे पडदे, चाचणीचा फोलिओ नंबर १२३४५, पासवर्ड सगळ्यांना पाठ. सत्तरीतला माणूस जुन्या फोनवर हे कसं वापरतो ते बघायला जाऊ नका. तो काय करतोय ते बघून वाईट वाटतं, आणि वाईट वाटलं की वेळापत्रक घसरतं.

यश मोजायला एकच आकडा पुरे: मदत केंद्राला येणारे फोन. ‘संपर्क’ पानावरून फोन नंबर काढून टाकला की पहिल्याच तिमाहीत हा आकडा झपाट्यानं उतरतो. सादरीकरणात त्यालाच ‘भागधारकांच्या समाधानात वाढ’ म्हणा. कंपनी खूश होईल, कंत्राट वाढवून देईल, आणि कदाचित तुमच्या बक्षिसाचा काही भाग शेअरच्या रूपात देऊ करेल. तेव्हा नम्रपणे हात जोडा आणि रोख मागा.