हापूसच्या पेटीवर कोणते सुरक्षा-लेबल लावावे? एका बागायतदार वाचकाच्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

हापूसच्या नावाने होणारी फसवणूक रोखण्यासाठी लेबल कसे निवडावे, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपण स्वतः देवगड तालुक्यात बाग सांभाळता, त्यामुळे आपल्या आक्षेपांना वजन आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे : होलोग्राम स्वस्त आहे आणि गिऱ्हाईक तो ओळखते, तरी मी त्याला नाकारले, क्यूआर कोड कोणीही मोबाइलवर फोटो काढून छापू शकतो आणि फळवाल्याच्या गाडीसमोर उभे राहून तो कोणी तपासतही नाही, आणि मुळात खोटेपणा करणारा मोकळा राहतो, तर लेबलाचा खर्च प्रामाणिक बागायतदाराच्या माथी येतो.

लेबल निवडण्यापूर्वी फसवणूक कोणत्या टप्प्यावर होते आणि ते लेबल प्रत्यक्षात कोण तपासणार, ही दोन उत्तरे हातात असली पाहिजेत, हे माझ्या लेखाचे मुख्य सांगणे होते आणि आजही आहे. आपल्या पहिल्या दोन्ही आक्षेपांचा निकाल याच कसोटीवर लागतो.

फसवणूक एका प्रकारची नसते. कर्नाटकातील आंबा 'देवगड हापूस' असे छापलेल्या नव्या खोक्यात भरला जातो, हा पहिला प्रकार. (कर्नाटकातील शेतकरी आपला माल आपल्या नावाने विकत असेल, तर तो कोणालाही फसवत नाही; लबाडी होते ती खोक्यावरचे नाव बदलताना.) दुसऱ्या प्रकारात आपल्याच बागेची रिकामी पेटी पुन्हा भरली जाते, म्हणजे पेटी अस्सल आणि आतला माल परका. तिसऱ्या प्रकाराबद्दल बागायतदारांच्या बैठकांत फारसे बोलले जात नाही : नोंदणी असलेला बागायतदारच आपली उरलेली लेबले दुसऱ्याला देतो. पेटीवरचे कोणतेही लेबल, ते कितीही महागडे असले तरी, या तिसऱ्या प्रकाराला अडवू शकत नाही. त्याला एकच उपाय आहे, तो म्हणजे झाडांची संख्या आणि अपेक्षित उत्पादन पाहून तेवढीच लेबले देणे.

आता होलोग्रामबद्दल. निकेलच्या साच्यावरून चकचकीत फिल्मवर ठसा उमटवून तो तयार होतो, आणि खास आपल्या संस्थेसाठी बनवलेल्या साच्याची हुबेहूब नक्कल करणे सोपे नसते, हे मला मान्य आहे. परंतु नक्कल करणाऱ्याला हुबेहूब नक्कल करावीच लागत नाही. गिऱ्हाइकाच्या हातात तुलनेसाठी अस्सल नमुना नसतो. त्याला रंग बदलणारी चकाकी दिसली की त्याचे समाधान होते, आणि तेवढी चकाकी बाजारात मिळणाऱ्या तयार होलोग्रामच्या रोलमध्येही असते. याचे सर्वांत गंभीर उदाहरण आग्नेय आशियातले आहे. हिवतापावरील आर्टेसुनेट या औषधाच्या मूळ चिनी उत्पादकाने पाकिटावर होलोग्राम लावला, तर बनावट गोळ्या विकणाऱ्यांनी तोही बनवला, आणि अशा खोट्या होलोग्रामचे डझनाहून अधिक प्रकार तपासकर्त्यांना आढळले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या तपासात ३९१ नमुन्यांपैकी १९५ बनावट निघाले. जिथे प्रशिक्षित तपासनीस भिंग आणि अस्सल नमुना घेऊन बसतो, तिथे होलोग्राम उपयोगी आहे. दादर किंवा डेक्कनवर डझनाचा भाव विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडून ती अपेक्षा करता येणार नाही.

क्यूआर कोडची नक्कल होते, हा आपला मुद्दा पूर्णपणे बरोबर आहे, आणि म्हणूनच सगळ्या पेट्यांवर छापलेला एकच कोड, जो केवळ बागेचे संकेतस्थळ उघडतो, त्याला मी सुरक्षा-लेबल मानतच नाही. ती जाहिरात झाली. प्रत्येक लेबलावर वेगळा, क्रमाने न येणारा आणि अंदाजाने न ओळखता येणारा क्रमांक असेल, त्याचा काही भाग लेबल फाडल्याशिवाय दिसणार नाही, आणि एकच क्रमांक दुसऱ्यांदा तपासला गेला की यंत्रणा इशारा देईल, तरच त्या कोडला अर्थ आहे. अशा वेळी एका लेबलाचा फोटो काढून हजार प्रती छापल्या, तरी त्या हजार प्रतींवर एकच क्रमांक राहतो आणि पहिल्या काही तपासण्यांतच तो उघडा पडतो. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळागणिक वेगळ्या क्रमांकाचे सील आणले, ते याच तत्त्वावर : बाहेरचा क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा आणि उत्तरात आलेला क्रमांक सीलच्या आतल्या क्रमांकाशी जुळतो का, ते पाहायचे. यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. तपासणीचा पत्ता गिऱ्हाइकाला लेबलावरून नव्हे, तर स्वतंत्रपणे, संस्थेच्या जाहीर निवेदनातून माहीत असावा; नाहीतर खोट्या लेबलावरचा कोड खोट्या संकेतस्थळावर नेईल आणि तिथे 'अस्सल' असेच उत्तर मिळेल.

पण तपासतो कोण, हा आपला प्रश्न तरीही उरतो. सोन्याच्या दागिन्यावरील सहा अक्षरांकांचा हॉलमार्क क्रमांक १ एप्रिल २०२३ पासून विक्रीसाठी बंधनकारक झाला आणि तो मोबाइलवरच्या भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर पाहता येतो. तिथे वस्तूची किंमतच इतकी असते की गिऱ्हाईक दोन मिनिटे थांबते. युरोपीय संघाने तपासणीचा भार रुग्णावर टाकलाच नाही. ९ फेब्रुवारी २०१९ पासून तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांच्या प्रत्येक खोक्यावर स्वतंत्र क्रमांक आणि उघडल्याचे दाखवणारे सील असते, आणि औषध देताना तो क्रमांक तपासून बाद करण्याचे काम औषधविक्रेता करतो. आंब्याच्या बाबतीत प्रत्येक गिऱ्हाइकाने तपासावे, अशी गरज नाही. थोड्यांनी तपासले आणि त्यांच्या तक्रारी एका ठिकाणी जमा झाल्या, तरी कोणत्या बाजारात कोणता क्रमांक वारंवार येतो, हे संस्थेला समजते.

लेबल फळावर लावावे की पेटीवर, याचा विचार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वाशीच्या बाजारात माल दाखवण्यासाठी पेटी उघडावीच लागते, त्यामुळे तिथे जाणाऱ्या पेटीवरचे सील रीतसर व्यवहारातच तुटते आणि त्यानंतर ते काहीही सिद्ध करत नाही. त्या वाटेवर लेबल फळावर हवे. आपण थेट पुण्या-मुंबईच्या घरी पाठवता त्या पेटीवर मात्र सील उत्तम काम करते, पण ते वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही जोडांवर लावलेले असले पाहिजे, कारण खोके तळातूनही उघडता येते. सोलल्यावर अक्षरे मागे ठेवणारी फिल्म गुळगुळीत पृष्ठभागासाठी असते. पुठ्ठ्याच्या खरखरीत, धूळ बसलेल्या खोक्यावर ती नीट चिकटत नाही. तिथे उचलताच तुकडे होणारा ठिसूळ कागद अधिक भरवशाचा ठरतो.

फळासाठी डिंक खाद्यपदार्थांना चालणारा हवा आणि अढीतली ऊब त्याने सोसली पाहिजे. छापखान्याकडून नमुने मागवा, ते काही फळांवर लावा, आंबा पिकेपर्यंत पेंढ्यात ठेवा आणि मग केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा देऊन लेबल अखंड सुटते का, ते पाहा. अखंड सुटले, तर ते दुसऱ्या फळावर जाईल, एवढे निश्चित समजावे.

खर्चाबद्दलची आपली चीड मला पटते. हापूसला २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन (म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावू देणारी नोंदणी) मिळाले, आणि या मानांकनांच्या १९९९ च्या कायद्यात खोटे मानांकन लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. ती अमलात आणणे ही शासनाची आणि बाजार समितीची जबाबदारी आहे, यात दुमत नाही. मात्र कारवाईसाठी पुरावा लागतो. लेबलात एखादी खूण अशी ठेवावी की जी गिऱ्हाइकाला सांगितलेली नसेल आणि फक्त संस्थेच्या दोन-तीन जबाबदार व्यक्तींना माहीत असेल : सूक्ष्म अक्षरांत मुद्दाम बदललेले एखादे अक्षर, किंवा विशिष्ट प्रकाशातच उजळणारी शाई. पकडलेल्या मालावर ती खूण नसेल, तर ते लेबल आमचे नाही, असे अधिकाऱ्यांसमोर ठामपणे सांगता येते. हा खर्च एकट्या बागायतदाराने करू नये. सहकारी संस्थेमार्फत केला, तर साच्याचा आणि यंत्रणेचा भार सर्वांत विभागला जातो.

छापखान्याशी करार करताना एक अट आवर्जून लिहून घ्या : रोलमधली खराब निघालेली आणि उरलेली लेबले मोजून संस्थेच्या प्रतिनिधीसमोर नष्ट करावीत आणि त्यांचे क्रमांक यंत्रणेतून त्याच दिवशी बाद करावेत.