'फुल इन्शुरन्स' नावाची पॉलिसी नसते

गाडीच्या विम्याचा विषय निघाला की "माझा फुल इन्शुरन्स आहे" असे सांगून पुष्कळ जण निश्चिंत होतात. प्रत्यक्षात या नावाची पॉलिसी कोठेही नसते. मिळते ती कॉम्प्रिहेन्सिव्ह, आणि तिच्यात दोन अगदी वेगळ्या प्रकारचे विमे एकत्र बांधलेले असतात.

त्यांपैकी पहिला थर्ड पार्टीचा. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा किंवा मृत्यू झाला, त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई यातून दिली जाते. आपल्या गाडीचा फुटलेला आरसासुद्धा त्यात बसत नाही. म्हणूनच अनेकांच्या लेखी तो पोलिसांना दाखवायचा कागद असतो. मला मात्र तोच अधिक मोलाचा वाटतो. आपली गाडी पूर्ण नष्ट झाली तरी नुकसान तिच्या किमतीपुरते असते. उलट एखाद्या कमावत्या माणसाला कायमचे अपंगत्व आले, तर त्याच्या बुडालेल्या मिळकतीचा हिशेब अनेक गाड्यांच्या किमतीहून मोठा होऊ शकतो. ब्रिटनने १९३० च्या कायद्याने सक्ती केली तीसुद्धा याच विम्याची.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीचा: अपघात, चोरी, आग, पूर. क्लेमची बहुतेक भांडणे येथे होतात. प्लास्टिकच्या आणि रबराच्या भागांवर घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, कापला जातो, ठरलेली वजावट आपल्याच खिशातून जाते, आणि झिजलेले टायर किंवा जुनेपणामुळे बिघडलेले इंजिन ही देखभालीची बाब मानली जाते. मद्यपान करून किंवा वैध परवान्याशिवाय गाडी चालवली असेल, तर बोलायलाच नको. सर्वांत फसवे प्रकरण पुराचे. साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी घाबरून पुन्हा सुरू केली की सिलिंडरमध्ये पाणी शिरते, पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. असे नुकसान पुराने नव्हे, तर चालकाच्या कृतीने झाले, अशी भूमिका कंपन्या अनेकदा घेतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळे अ‍ॅड-ऑन, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडून घ्यायचे जादा संरक्षण, असते.

चोरीचेही तसेच. भरपाई सहसा गाडीच्या घटलेल्या किमतीइतकी मिळते, खरेदीच्या किमतीइतकी नव्हे, आणि कर्जाची बाकी त्याहून जास्त असेल तर उरलेले हप्ते नसलेल्या गाडीसाठी भरावे लागतात.