वाड्याचा नकाशा आणि वाटणीचा संशय

महाराष्ट्रात जुना नकाशा मागणाऱ्या माणसाचा हेतू शुद्ध असू शकतो, यावर कोणाचाही विश्वास बसत नाही. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत निघणार आहे आणि त्यात पुण्याच्या सदाशिव पेठेतला मूळ वाडा नेमका कुठे होता हे नकाशानिशी दाखवायचे आहे, एवढेच मी नातेवाइकांना कळवले होते. त्यावर ठाण्याच्या आत्याने विचारले, "म्हणजे अजून काही निघतंय का?" न्यू जर्सीच्या ज्या चुलतभावाला परवापरवापर्यंत पणजोबांचे नाव सांगता येत नव्हते, त्याने कोणी न मागता स्वतःच्या जन्मदाखल्याची प्रत पाठवून दिली. वाडा आमच्या हातून कधीच गेला होता, आणि ज्यांच्या हाती गेला त्यांनीही तो पाडून तिथे सदनिका बांधल्या, हे यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही नकाशा निघाला की वाटणी निघणार, या श्रद्धेला त्याने तडा जात नाही.

नकाशा जिथे मिळतो त्या कार्यालयात तर ही श्रद्धा अधिकच दृढ होती. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी "कोर्टाचं काम आहे का?" असे विचारले आणि मी "नाही, इतिहासाचं आहे" असे उत्तर दिले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहून "वकील कोण दिलाय?" असा पुढचा प्रश्न केला. मग त्यांनी सिटी सर्व्हे नंबर, म्हणजे जागेचा नगर भूमापन क्रमांक, मागितला. माझ्याजवळ आजोबांच्या पोस्टकार्डावरचा पत्ता होता. पुण्यात पत्ता म्हणजे एक आकडा आणि पेठेचे नाव, त्यामुळे तो आकडा पुरेसा असावा अशी माझी समजूत होती. परंतु पालिकेचा घर क्रमांक वेगळा आणि नगर भूमापनाचा क्रमांक वेगळा, आणि या दोघांचा परस्परांशी परिचय असेलच असे नाही. भूमापन क्रमांक कळायला नकाशा पाहावा लागतो आणि नकाशा मिळायला क्रमांक द्यावा लागतो. या पेचातून गृहस्थांनीच मला सोडवले, "शेजारी देऊळ-बिऊळ होतं का बघा" असे सांगून.

हा सल्ला लाखमोलाचा निघाला. घरे पडतात आणि रस्ते रुंद होतात, पण देव सहसा जागा सोडत नाहीत. म्हणून जुन्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून आधी देवळे, हौद आणि विहिरी टिपायच्या, त्या आजच्या नकाशातल्या देवळांवर बसवायच्या आणि मग मधली घरे शोधायची, अशी रीत आहे. सदाशिव पेठेत तर खुन्या मुरलीधर, चिमण्या गणपती, उपाशी विठोबा आणि भिकारदास मारुती अशी मंडळी मोजणीसाठीच नेमून ठेवल्यासारखी जागोजाग उभी आहेत. अडचण देवांची नव्हती, साक्षीदारांची होती. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे वाडा खुन्या मुरलीधराकडून निघाल्यावर डाव्या हाताला होता, तर थोरल्या काकांच्या म्हणण्याप्रमाणे उजव्या. आणि दोघेही लहानपणी नेमके कुठून कुठे जात असत हे विचारले की शाळेची आठवण निघून विषय संपे. घरातल्या कागदांविषयी विचारावे तर ते पानशेतच्या पुरात गेलेले. १२ जुलै १९६१ च्या त्या पुरात अनेकांचे सर्वस्व वाहून गेले हे खरेच आहे. पण पाणी ज्या घरांच्या पायरीलाही शिवले नाही त्या घरांतलेही कागद त्याच दिवशी कसे वाहून गेले, हे मला अजून उमगलेले नाही.

वाड्याच्या मागून ओढा वाहत असे आणि बायका तिथे धुणे धूत, ही आमच्या घराण्यातली सर्वांत लाडकी कथा. पुण्याच्या पेठांतून मुठेकडे वाहणारा आंबिल ओढा खरोखरच होता. पण तो नानासाहेब पेशव्यांच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यालाच, पश्चिमेकडे वळवला गेला. आमचा मूळपुरुष कोकणातून पुण्याला आला तो आगगाडी सुरू झाल्यावर, म्हणजे १८५८ नंतर. नकाशात वाड्यामागे एक बारीक रेघ आहे खरी, पण तिची रुंदी आणि दिशा पाहता ती गटाराची असावी, असे मी अतिशय जपून काकांना सांगितले. काकांनी तीन दिवस माझा फोन घेतला नाही.

भूमापन क्रमांक सापडल्यावर मालमत्ता पत्रक मिळाले, आणि माझ्या मते खरा कुलवृत्तांत तोच आहे. त्यात तारीख, व्यवहार आणि नवीन धारक असे रकाने असतात. कोण वारला, कोणाची वारस म्हणून नोंद झाली, कोणी कोणाकडे गहाण ठेवले, हे सारे एकाखाली एक, कसलाही अलंकार न घालता लिहिलेले असते. आमचे खापरपणजोबा सावकारी करत, असे आम्ही ऐकत आलो होतो. पत्रकात गहाणाच्या नोंदी भरपूर आहेत, मात्र प्रत्येक नोंदीत पैसे देणारा दुसराच आहे. त्याच पानावर वारस म्हणून एका बाईंचे नाव आहे, जे घरात कधी कोणी उच्चारले नव्हते. त्या खापरपणजोबांच्या विधवा भावजय निघाल्या. वंशावळीच्या आराखड्यात त्यांच्यासाठी चौकट नव्हती. ती मी आखली, आणि एवढ्या एका बाबतीत कोणी हरकत घेतली नाही, कारण त्यांना वारस नव्हता.

राहिला आकार. काकांच्या आठवणीतला वाडा तीन चौकांचा आणि "सहज अर्ध्या एकराचा" होता. आपल्याकडची मोजणीची साखळी ३३ फुटांची. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. म्हणजे काकांच्या हिशोबाने वाडा २० गुंठ्यांचा व्हायला हवा. पट्टी लावून मी पुन्हा पुन्हा मोजला, तरी तो तीन गुंठ्यांच्या वर जाईना, आणि तेवढेही शेजारचा बोळ धरला तर. चौक एकच होता. काकांनी नकाशा उजेडात धरून, चष्मा पुसून, उलटसुलट करून पाहिला आणि त्या काळचे इंग्रज मुद्दाम कमी मोजत असत, असा निर्णय दिला. अखेर घरच्या बैठकीत नकाशा छापायला सर्वांची संमती मिळाली, मात्र त्याच्या खालच्या कोपऱ्यातली मोजपट्टी कापून.